नवे आणि पुरेसे

परवा डिचोलीहून भाचा आला. माझा फोन हातात घेऊन हसला. "मामा, सहा वर्षे झाली याला. आता नवा घ्या. वेग बघा, कॅमेरा बघा!" बॅटरी दुपारीच मान टाकते, हे खरे. विषय हसण्यावारी गेला. रात्री मात्र झोप येईना.

नव्याचे आम्हांला वावडे नाही. चवथीच्या दिवसांत नव्याच्या पंचमीला भाताची नवी कणसे घरी आणून आम्ही पुजतो. पण ते नवे वर्षभराच्या भुकेचे उत्तर असते. हा नवा फोन माझ्या कोणत्या भुकेचे उत्तर?

फोनही अखेर जमिनीतूनच येतो. अनेक बॅटऱ्यांत लागणारा कोबाल्ट जगात निम्म्याहून अधिक काँगो देशातून निघतो. तिथल्या हातखोदाईच्या खाणींत लहान मुले राबताना आढळली आहेत. खाण म्हणजे काय, हे डिचोली तालुक्याला शिकवावे लागत नाही. लाल धूळ आणि शेतात उतरलेला गाळ आपण पाहिला, शिरगावच्या विहिरींचे गाऱ्हाणे ऐकले. मग दुसऱ्याच्या डोंगराबद्दल आपली नजर इतकी कोरडी का?

पण लगेच दुसरी बाजू उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकांचे हप्ते थकले. भाच्याच्या घरीही ते दिवस आले होते. त्याच्यासमोर 'काही घेऊच नये' असे म्हणणे मला शोभत नाही. ते पुण्य पेन्शनवाल्याला स्वस्तात मिळते. आणि माझ्या साधेपणात चिकटपणा किती, हेही मनाला विचारले पाहिजे.

म्हणून एक साधी कसोटी ठरवली. जे काम मला रोज करावे लागते, ते या यंत्राला जमेनासे झाले की ते बदलावे. सुरक्षेची अद्ययावत प्रणाली मिळणे बंद झाले आणि बँकेचे पैसे धोक्यात आले, तर हट्टाने जुनेच वापरणे हा शहाणपणा नव्हे. पण शेजाऱ्याच्या हातात चकाकते, म्हणून बदलायचे नाही.

सध्या फक्त बॅटरी दमली होती. म्हापशाला जाऊन ती बदलून घेतली. दुरुस्ती करणाऱ्या पोराने तासाभरात काम केले आणि मजुरी घेतली.

भाच्याला सांगितले, तर तो म्हणाला, "सगळेच तुमच्यासारखे वागले, तर नवे फोन विकणाऱ्यांनी काय खावे?"

मी त्या पोराच्या मजुरीकडे बोट दाखवले. भाच्याचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झाले आहे असे नाही. पण आता फोन संध्याकाळपर्यंत चालतो, आणि मला तेवढेच हवे होते.