चिमूट आणि मूठ

सायली बारावीला होती. जीवशास्त्रात वर्गात पहिली, रसायनशास्त्रात जेमतेम काठावर पास. लहान आतड्याचे भाग क्रमाने विचारा, झोपेतही सांगेल. पण मोलची गणितं आली की वही मिटायची. "मला डॉक्टर व्हायचंय, कारखान्यात केमिस्ट नाही," ती आत्याला म्हणायची. "ग्रॅमचे मोल करून माणसाच्या पोटाचं काय कळणार?"

आत्या गावची आशाताई. ती नुसती हसायची.

डिसेंबरात साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. गावाबाहेरच्या रानात ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या होत्या. एका दुपारी आत्या आरोग्य केंद्रात मीटिंगला गेलेली असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर दोन वर्षांचं पोर, मान खांद्यावर टाकलेली.

"ताई हायेत का? लेकराला सकाळधरनं जुलाब लागल्यात."

सायलीने कपाट उघडलं. ओआरएसची पाकिटं संपली होती. पण मीठ-साखरेचं पाणी कुणाला माहीत नाही? तिने लिटरभराचा तांब्या भरून घेतला, चिमूटभर मीठ टाकलं. मग पोराच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि जीव कळवळला. साखरेने ताकद येते, हे तिला पाठ होतं. तिने साखरेच्या डब्यात हात घातला आणि चार मुठी साखर ओतली. पाणी सरबतासारखं गोड झालं. पोर घटाघटा प्यायलं. सायलीला बरं वाटलं.

तासाभरात पोराला आणखी तीनदा झालं. आधीपेक्षा पातळ.

संध्याकाळी आत्या आली. तिने तांब्यातलं बोटभर पाणी चाखलं आणि काही न बोलता मोरीत ओतून दिलं. पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी सावकाश बसली. "अजून मागून पितंय, हे चांगलं आहे. पिणं सोडलं तर मात्र रातोरात दवाखाना," ती त्याच्या आईला म्हणाली. पिशवीतून आणलेलं पाकीट तिने अख्खं एक लिटर पाण्यात विरघळवलं आणि मिनिटा-मिनिटाला एक चमचा पाजायला बसवलं. रात्री दहाला पोराला लघवी झाली तेव्हा आत्याने पहिल्यांदा चहा टाकला.

"आत्या, माझं काय चुकलं?"

"घरी करायचं तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूठ नाही, चमचा."

"पण का?"

"का ते मला कुठं शिकवलंय? तू शिकतेस ना?" असं म्हणत आत्याने रिकामं पाकीट तिच्यासमोर सरकवलं.

पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ग्लुकोज 13.5 ग्रॅम, सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9. सायली बराच वेळ बघत राहिली. मिठाच्या पाचपट ग्लुकोज! म्हणजे साखर जास्तच लागते की. मग आपलं चुकलं कुठं?

तिने रसायनशास्त्राची वही काढली. ग्लुकोजच्या एका मोलचं वजन 180 ग्रॅम. 13.5 भागिले 180 केले, 75 मिलिमोल आले. मिठाचा मोल 58.5 ग्रॅमचा, त्यातून 44 आले. जुळेना. मग सायट्रेटकडे लक्ष गेलं. त्याच्या प्रत्येक कणात सोडियम तीन. तिथून आले 30. बेरीज 74.

तिने पुन्हा पडताळून पाहिलं. ग्लुकोज 75, सोडियम जवळपास तितकंच. तराजूत पाचपट दिसणारं ग्लुकोज मोजणीला सोडियमच्या बरोबरीचं होतं. किलोभर हरभरे आणि किलोभर राजगिरा वजनाला सारखे, पण दाणे मोजायला बसलं तर? शरीर वजन करत नाही, दाणे मोजतं.

मग तिने स्वतःच्या तांब्याचा हिशेब मांडला. चार मुठी म्हणजे शंभरेक ग्रॅम साखर. साखरेचा मोल 342 ग्रॅमचा, म्हणजे 292 मिलिमोल. आतड्यात साखरेच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. म्हणजे जवळजवळ 585. रक्तात विरघळलेल्या कणांची दाटी 290च्या आसपास, पाकिटाच्या पाण्यात 245. पाणी नेहमी विरळाकडून दाटाकडे जातं, हे तिने परासरणाच्या धड्यात घोकलं होतं. पाकिटाचं पाणी रक्तापेक्षा विरळ, म्हणून ते आत शिरतं. तिचं पाणी रक्ताच्या दुप्पट दाट. त्याने पोराच्या अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतलं होतं.

तिच्या हातातलं पेन थांबलं. तिने तहानलेल्याच्या विहिरीतूनच पाणी उपसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वही रसायनशास्त्राच्या सरांना दाखवली. सर म्हणाले, "जुलाबात नुसतं मीठ नीट आत शिरत नाही. आतड्याच्या पेशीवर एक दार असं आहे, की सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. हे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडलं. पुढे 1971मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा तोलून पुड्या बांधल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला लावलं. तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं." त्यांनी वही परत दिली. "त्या पुड्यांमागे हेच गणित होतं."

आठवड्याने सायली आत्याबरोबर कोप्यांवर गेली. ते पोर बांड्याच्या ढिगाऱ्यावर खेळत होतं. आत्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस चुकवू नका म्हणून बजावलं. सायलीने त्याच्या आईच्या हातात दोन पाकिटं ठेवली.

बाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "एवढीशीच पूड? वरनं मूठभर साखर टाकू का? लेकरू आवडीनं पिईल."

सायलीने तिचा हात धरला. "नको वहिनी. मी तेच केलं होतं."

मग तिने तिथेच एक लिटरची बाटली मागून घेतली, पाणी गळ्यापर्यंत भरलं आणि पाकीट फोडून शेवटचा कण पडेपर्यंत झटकलं.

तात्पर्य: माया मुठीने द्यावी, पण औषध मोजूनच द्यावं, आणि ज्याला जीव समजून घ्यायचा आहे त्याने आधी कण मोजायला शिकावं.