न चालवण्याची किंमत

श्रीरामपुरात जुन्या गाडीचा सौदा बसला की ‘एमएच १७ पासिंग, फर्स्ट ओनर, डॉक्टरांनी वापरलेली’ एवढ्या तीन गोष्टींवर निम्मं काम होऊन जातं. उरलेलं निम्मं बॉनेट उघडून, टायर पाहून आणि मीटर मागे केलंय का असा संशय घेऊन उरकतं. बँकेचा बोजा उतरला असेल तर इसार लगेच दिला जातो. (डॉक्टर गाडी जपून चालवतात ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण तिला बाजारात पैसे मिळतात.) या बाजारात बोलेरोला भाव का, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दोन लाख किलोमीटर झालेली बोलेरोही उद्या उसाच्या फडावर जाईल, तिचे पार्ट तालुक्याला मिळतील आणि मिस्त्री गावातच असेल. तिने आजवर किती काम केलं यापेक्षा ती अजून किती करणार, याचे हे पैसे असतात.

फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन या गाड्यांचा हिशेब नेमका उलटा चालतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाण्यासाठी बांधलेली गाडी जितकी कमी चालली असेल, तितका तिला भाव जास्त. आणि चालवणार तरी कुठे? शिर्डीजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची. तिथवर पोचायला नगर–मनमाड रस्त्याचे खड्डे आणि गावोगावचे गतिरोधक ओलांडायचे, तेही जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत उंच असलेल्या गाडीने. म्हणजे मालक पैसे मोजतो ते वेगासाठी, आणि विकताना भाव मिळतो तो वेग न वापरल्याबद्दल. एखाद्या वस्तूचं मोल तिने आपलं काम न करण्यावर टिकून असेल, तर तिला वाहन म्हणणं मला तरी जड जातं.

यावर हौशी मंडळी मॅक्लारेन एफ-१ चा दाखला देतात. १९९०च्या दशकात ही गाडी सगळ्या प्रकारांत मिळून फक्त १०६ बनली, आणि २०२१ साली अमेरिकेतल्या लिलावात तिच्यातल्या एकीला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळाले. खरं आहे. पण त्याच कंपनीने २०११ मध्ये एमपी४-१२सी आणली, २०१४ मध्ये तिच्या जागी ६५०एस आणि २०१७ मध्ये ७२०एस. दर तीन वर्षांनी आधीची गाडी कंपनीनेच जुनी ठरवली, आणि पहिल्या मालकांचे पैसे पाण्यात गेले. एकाच कारखान्याच्या या दोन कहाण्या आहेत. त्यातली पहिली सांगून गाडी विकली जाते, दुसरी वाट्याला येते. आता हायब्रिड गाड्यांमुळे नवीच धास्ती आहे. जुन्या इंजिनाला हात लावणारा जाणकार कुठेतरी सापडतो, पण दहा वर्षांनी दमलेली बॅटरी बदलायला किती लागतील, हे विकणाराही छातीठोकपणे सांगत नाही.

भारतात या सगळ्यावर आणखी एक थर चढतो, कराचा. सचिन तेंडुलकरची फेरारी आठवा. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्याला ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरचा १ कोटी १३ लाखांचा आयातकर सरकारने माफ केला, तेव्हा देशभर ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी कर गाडी देणाऱ्या कंपनीने भरला. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. त्याने इंजिनाचे पैसे किती मोजले आणि तेंडुलकर या नावाचे किती, हे वेगळं काढता येणार नाही. मालकाचं नाव मात्र दर वेळी तारून नेत नाही. २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या रोल्स-रॉइस, पोर्शेसकट बारा गाड्या लिलावात विकल्या, तेव्हा सगळ्या मिळून सव्वातीन कोटींच्या आसपास रक्कम हाती आली.

परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर आपल्याकडे शंभर टक्क्यांहून अधिक आयातकर लागत आला आहे. जुन्या सुपरकारचा भाव टिकतो तो बराचसा या भिंतीच्या आधाराने, कारण नवी गाडी दुप्पट किमतीची असते. २४ जुलै २०२५ रोजी भारत–ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ठरावीक कोट्यापुरता ब्रिटिश गाड्यांवरचा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं. मॅक्लारेन, अ‍ॅस्टन मार्टिन, बेंटली या सगळ्या तिकडच्याच. आपल्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचा भाव दिल्ली–लंडनमधली एक सही ठरवते, हे त्यांच्या मालकांना आता उमगेल. नगर–नाशिकच्या कांदा उत्पादकाला ते कधीच उमगलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, दोन्ही वेळा माल तोच होता, भाव पडला. फरक एवढाच की त्या कांद्यावर पुढच्या हंगामाचं बियाणं अवलंबून होतं. सुपरकारवाल्याच्या नुकसानीबद्दल मला फार हळहळ वाटत नाही ती यामुळेच.

मग श्रीरामपुरात बसून ही चर्चा कशाला? कारण सुपरकार इथे नसली, तरी तिचं तर्कशास्त्र कधीच येऊन पोचलं आहे. उसाचं बिल किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हातात आला की दारात मोठी गाडी उभी राहते, आणि घरात कुणी कुरकुर केली की उत्तर तयार असतं : ‘रिसेल चांगला आहे.’ हौस करायला माझी हरकत नाही, हौसेला गुंतवणूक म्हणण्याला आहे. विमा कंपनी गाडीचं घोषित मूल्य ठरवताना वर्ष भरेपर्यंत १५ टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के कापते. तिच्या तक्त्याला दारापुढची शोभा दिसत नाही.

समजा गाडी ५० लाखांची, त्यातलं ४० लाख कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. व्याज जवळपास १० लाख होतं. पाच वर्षांनी ‘रिसेल चांगला’ म्हणून ३० लाख आले असं धरलं, तरी २० लाख गाडीने खाल्ले आणि १० लाख बँकेने. महिन्याला ५० हजार झाले. डिझेल, विमा आणि टायर यात धरलेले नाहीत.