खाल्ल्या मिठाचा हिशेब

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी एकोणीस वर्षं काट्यावर होतो. तुरीची आवक मोजायची, डाळीचे कट्टे मोजून गाडीत भरून द्यायचे. शेवटच्या वर्षी तीन महिन्यांचा पगार थकला. आम्ही एकतीस जण होतो. वकीलसाहेब म्हणाले, एकतीस केसेस कशाला, एकच अर्ज पुरतो. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातलं सोळावं कलम त्यासाठीच होतं. एकाच कारखान्यातले, त्याच महिन्यांचा पगार अडकलेले कामगार हा एक गट, आणि गटासाठी एक अर्ज.

तीस जण तयार झाले. माझाच हात उचलेना.

शेठनी माझ्या बायकोच्या ऑपरेशनला वीस हजार रुपये दिले होते. मी न मागता. व्याज नाही, चिठ्ठी नाही. आमच्या आईनं लहानपणापासून एकच शिकवलेलं, खाल्ल्या मिठाला जागावं. मी लिंगायत; सकाळी पूजेला इष्टलिंग तळहातावर घेतलं की मन लागेना. ज्याचं अन्न खाल्लं त्याला कोर्टात उभं करायचं, हे पाप नाही का?

मला भीष्म आठवले. युद्धाआधी युधिष्ठिर पाया पडायला येतो, तेव्हा ते सांगतात की कौरवांच्या धनानं मी बांधला गेलो आहे. आशीर्वाद पांडवांना देतात आणि लढतात दुर्योधनाकडून. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना माझे डोळे भरून यायचे. पण त्या आठवड्यात दुसरंच दिसू लागलं. भीष्मांनी दहा दिवस मीठ फेडलं, आणि त्या फेडीपायी रोज हजारो सैनिक मेले. ऋण त्यांचं, प्राण दुसऱ्यांचे.

लातूरहून बसवकल्याण काही फार लांब नाही. बाराव्या शतकात बसवण्णा तिथे, म्हणजे तेव्हाच्या कल्याणात, बिज्जळ राजाचे भांडारी होते. मीठ त्यांनीही राजाचंच खाल्लेलं. हरळय्या हे चर्मकार, मधुवरस हे ब्राह्मण. दोघेही शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी. त्यांच्या मुलामुलीचं लग्न झालं म्हणून राजानं दोघांनाही देहदंड दिला, असं आमच्या परंपरेत सांगतात. राजाची नोकरी आहे म्हणून बसवण्णांनी मान खाली घातली नाही. त्यांनी कल्याण सोडलं. आणि ते तरी काय शिकवून गेले? कायकातून, म्हणजे प्रामाणिक कष्टातून, जे मिळेल त्यातून दासोह करावा, म्हणजे इतरांना वाटून द्यावं. मजुरीच अडवली तर हमालानं दासोह कशातून करायचा?

सह्यांच्या दिवशी चाळणीवरच्या मावशी अंगठा द्यायला आल्या. वकिलाच्या कारकुनानं शाईच्या पॅडवर त्यांचा अंगठा दाबला, कागदावर टेकवला. नुसता निळा डाग उमटला, रेषा एकही नाही. हात पुसून पुन्हा घेतला, तसंच. बावीस वर्षं तूर निवडून अंगठा गुळगुळीत झाला होता. शेवटी डाव्या हाताचा घेतला, त्यावर चार-दोन रेषा आल्या. त्यांच्या नावापुढे त्यांच्या तीन महिन्यांची रक्कम होती. त्याखाली माझं नाव, माझी रक्कम.

अर्ज एकच असला तरी प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. शेठचे उपकार माझ्यावर होते, त्या मावशींवर नव्हते. मी गप्प बसून उपकार फेडणार होतो ते त्यांच्या पैशातून. हा हक्क मला कुणी दिला? मी सही केली.

आमच्यातला एक बौद्ध हमाल नंतर म्हणाला, काका, एवढा विचार कशाला केलात? सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्यं सांगितली आहेत, त्यात कामगाराला जेवण आणि वेतन देणं आहेच. शेठला त्याच्या धर्माची आठवण करून देणं यात कसली नमकहरामी? मला ते पटलं. सगळ्यांनी मिळून एकच अर्ज का, हेही पटलं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं दावा लढवला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम नोकरीचा निकाल मिळवला. त्यातल्या एकट्यादुकट्याला कोर्टाची पायरी तरी चढता आली असती का?

आमचे पैसे दीड वर्षानं मिळाले. माझ्या रकमेतले वीस हजार वेगळे काढून मी शेठकडे गेलो. त्यांनी ते घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. ते ऋण अजून माझ्यावर आहे आणि मी ते मानतो.

ज्याच्या मनात मालकाचं मीठ असंच अडून बसलं असेल, त्यानं सही नाकारण्याआधी यादीतली आपल्या वरची आणि खालची नावं एकदा वाचावीत.