ओल कुणाच्या छताला?

घरात काहीतरी गळतंय आणि मला पत्ताच नाही, असं फारसं होत नाही. फ्लशची टाकी भरून झाल्यावरही सूं सूं करत राहते. बेसिनखाली ठेवलेला डबा अधूनमधून रिकामा करावा लागतो. गावाहून परतलं की नळातून आधी तांबूस पाणी येतं, म्हणजे जुना जीआय पाइप आतून गंजतोय. हे सगळं मला दिसतं, ऐकू येतं. तरीही प्लंबरला फोन करेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने. या मधल्या काळात माझं मन कसला हिशेब करत असतं, ते तपासायला मी अलीकडे जरा नेटाने बसलो.

आळस म्हणावं तर तसंही नाही. स्कूटरचं सर्व्हिसिंग वेळेवर होतं, विम्याचा हप्ता चुकत नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला तर वायसर मी स्वतः बदलतो, त्याच दिवशी, कारण रात्री तो आवाज झोपू देत नाही. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाकाठी सुमारे २० लिटर पाणी जातं, हे गणित मी पाहुण्यांनाही ऐकवतो. मग बाथरूममधल्या जाळीभोवतीचं सिमेंट सुटलंय, टाइल्सच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट उडालंय, ते मात्र ‘बघू दिवाळीनंतर’ या खात्यात का जातं? उत्तर शोधायला फार खोल जावं लागलं नाही. नळाचं पाणी माझ्या कानाशी पडतं आणि न्हाणीतून झिरपलेलं पाणी दुसऱ्याच्या छतावर.

आमची सोसायटी जुनी आहे, चार मजल्यांची. खालच्या मजल्यावरच्या वहिनी भांडखोर नाहीत, हे माझं नशीब. त्या जिन्यात भेटल्या की एवढंच म्हणतात, “काका, आमच्या बेडरूमचा कोपरा परत ओला झालाय हो.” मी म्हणतो, “पावसाचं असणार.” महाराष्ट्रात हे उत्तर वर्षातले निदान पाच महिने चालून जातं. पुढचे दोन महिने ‘भिंत अजून सुकली नसेल’ यावर निघतात. एप्रिलमध्ये मात्र छताचा पोपडा सुटला की पावसाला मध्ये घेता येत नाही, आणि तेव्हा मी काय बोलतो हे पाहण्यासारखं असतं. “प्लंबरला विचारतो” असं बोलतो. विचारण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं.

कारण ओळखायची रीत मला ठाऊक आहे, अनेक वर्षं प्लंबरांच्या मागे उभा राहून शिकलेली. ओल दिवसरात्र सारखीच राहत असेल तर संशय पाणी आणणाऱ्या पाइपावर घ्यायचा, कारण गच्चीवरच्या टाकीचा दाब त्यात कायम असतो. दर १० मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो, म्हणजे तळमजल्याच्या जोडांवर सगळ्यात जास्त. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर ओल वाढत असेल आणि दुपारनंतर ओसरत असेल, तर दोष सांडपाण्याच्या जोडात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. खात्री करायची तर न्हाणीचं तोंड फडक्याच्या बोळ्याने बंद करून फरशीवर इंचभर पाणी काही तास साठवायचं आणि खाली जाऊन छत बघायचं. फ्लशची शंका असेल तर टाकीत खाण्याचा रंग टाकून पाव तास थांबायचं. न ओढताच भांड्यात रंग उतरला, तर आतला रबर गेला. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. अडचण एकच: या चाचण्या केल्या की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की काम अंगावर येतं.

काम म्हणजे फोडाफोड. धूळ, चार दिवस शेजारच्यांकडे आंघोळ, आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे त्या टाइल्स. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं डिझाइन आता बाजारात मिळत नाही. मधल्या चार टाइल्स वेगळ्या दिसतील. हो, हे कारण मी मनातल्या मनात गंभीरपणे मांडलेलं आहे: एका बाजूला कुणाच्या तरी बाळाच्या पाळण्यावर पडणारा बुरशीचा पोपडा, दुसऱ्या बाजूला माझ्या बाथरूमच्या टाइल्सचा एकसारखेपणा. आणि तराजू लगेच झुकला असंही नाही.

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याचा निवाडा लिहून ठेवलेला आहे. पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपाची आणि ड्रेनेजची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या नळजोडाची आणि बाथरूमची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने. तरी वार्षिक सभेत दर वर्षी यावर तासभर वाद होतो. त्या वादात मी मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांपैकी आहे. आता विचार करतो तेव्हा लक्षात येतं की ‘गच्चीवरून येणारा सोसायटीचा डाउनटेक पाइपच जुना झालाय’ असं मी जितक्या ठामपणे म्हणालो, तितक्या ठामपणे मी तो पाइप कधी वाकून पाहिला नव्हता.

पाण्याच्या बाबतीत असा असलेला माणूस गॅसच्या बाबतीत एकदम शिस्तीचा. नारिंगी सुरक्षा नळी, दीड मीटरहून लांब नाही, त्यावर छापलेलं साल डायरीत उतरवलेलं, पाच वर्षं झाली की बदललेली. सिलिंडर आला की कड्याच्या पट्टीवरचं अक्षर वाचतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती तारीख उलटली असेल तर तो १४.२ किलोचा सिलिंडर परत. रेग्युलेटर बसवल्यावर सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहतो. ज्योत निळीच हवी. पिवळी पडून भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली की बर्नर साफ. या शिस्तीचा मला अभिमान होता. ती काळजीपोटी आहे असं मी समजत होतो.

मग एक साधा प्रश्न पडला. सकाळी सगळ्यात आधी आमच्या स्वयंपाकघरात कोण जातं? मी नाही. साडेसहाला पोळ्या करायला मावशी येतात. रात्रभर खिडकी लावलेली असते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर न जाता ओट्याखाली, ट्रॉल्यांच्या मागे, जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोनेक टक्क्यांवर गेलं की एका ठिणगीचं काम उरतं. आणि ठिणगीला लायटरच लागतो असं नाही, दिव्याचं बटण पुरतं. अंधारात आत शिरून ते बटण रोज दाबणारी बाई कोण, हे मला माहीत होतं. माझी सगळी माहिती मात्र माझ्या डायरीत होती. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं, एक्झॉस्टचं कुठलंच बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. आधी रेग्युलेटर बंद, मग खिडक्या-दारं सताड, मग सगळ्यांनी बाहेर आणि बाहेरून १९०६ ला फोन. यातलं एक अक्षर मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पोळी जाड झाली तर सांगत होतो.

सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो काका, वास तर सिलिंडर संपत आला की येतोच की.” त्यांचं खरं होतं. गॅसला स्वतःचा वास नाही. त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र द्रव्य मिसळतात आणि सिलिंडरच्या तळाशी ते तुलनेने जास्त उरतं, म्हणून शेवटी वास वाढतो. पण ‘येतोच की’ हे दोन शब्द ऐकून मी चरकलो. नाकाचं असं आहे की एखाद्या वासात थोडा वेळ राहिलं की ते तो कळवायचंच थांबतं. त्यात घराघरातल्या सवयीने वासाला निरुपद्रवी ठरवून टाकलं, तर मर्कॅप्टन घालून उपयोग काय? मावशी चार घरांत काम करतात. एकाही घरात त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चारही घरांतली माणसं शिकलेली.

पाइप गॅस आला म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जाऊन छताशी साचतो. म्हणजे वरचा झरोका उघडा हवा. लोक नेमका तोच फर्निचर करताना बंद करतात आणि पाइपही शोभेसाठी प्लायच्या मागे दडवतात. आणखी एक गोष्ट माझ्या जिव्हारी लागली. गॅसचा तो लोखंडी पाइप भिंतीतून आरपार जातो. भिंत बारमाही ओली राहिली तर रंगाखाली गंज धरतो. वहिनींच्या घरातला तो ओला कोपरा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. पाणी आणि गॅस ही माझी दोन खाती होती, एकात मी ढिला आणि दुसऱ्यात कडक. भिंतीला ही खाती माहीत नसतात.

गॅसला वास का घालतात, याची गोष्ट मी पूर्वी वाचली होती. या तपासणीच्या निमित्ताने पुन्हा वाचली. अमेरिकेत टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या चालकांनी पैसे वाचवायला विकतचा गॅस सोडून तेलविहिरींच्या टाकाऊ गॅसच्या वाहिनीला जोड घेतला. त्या भागात सर्रास तसं चालायचं. जोडातून गळलेला, वास नसलेला गॅस इमारतीखालच्या पोकळीत साचत गेला. मुलं डोकं दुखतं म्हणून तक्रार करत होती, त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८ मार्च १९३७ ला दुपारी एका शिक्षकाने विजेचं यंत्र सुरू केलं आणि शाळा उडाली. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास घालणं टेक्सासमध्ये कायद्याने सक्तीचं झालं आणि पुढे ती रीत जगभर पसरली. ते चालक कुणी राक्षस नव्हते. काटकसर करणारी, हिशेबी माणसं होती, माझ्यासारखी. फक्त त्या काटकसरीची जोखीम त्यांच्या खुर्च्यांखाली नव्हती, वर्गांखाली होती.

इथे मला माझी दुसरी सदनिका आठवते. एका खोलीची आहे, कॉलेजात शिकणारी मुलं भाड्याने राहतात. तिच्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता. आत, दाराच्या वर. खिडकी म्हणजे वीतभर झरोका, तोही थंडीत मुलं पुठ्ठा लावून बंद करायची. माझ्या स्वतःच्या घरात विजेचा गीझर आहे, प्रेशर व्हॉल्व्ह तपासून घेतलेला. भाड्याच्या खोलीत नवं वायरिंग करण्याचा खर्च वाचवायला गॅसचा ठेवला होता. बंद बाथरूममध्ये तो गीझर जळतो तेव्हा खोलीतली हवाच खातो. ऑक्सिजन कमी पडला की जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, मर्कॅप्टनची साथ नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मळमळ, पायांतली शक्ती जाते. गरम पाण्याच्या वाफेत माणसाला वाटतं, आज जरा थकवा आहे. कडी आतून लावलेली असते. होळीचा रंग धुवायला बाथरूममध्ये गेलेली माणसं मृत सापडल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

तशीच एक बातमी वाचून मी तो गीझर काढवला आणि बाहेरच्या उघड्या गॅलरीत लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेतला. यासाठी स्वतःची पाठ थोपटायची सोय नाही. त्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते मुलांचं नाव नव्हतं. ‘उद्या काही झालं तर केस मालकावर होईल’ हे आलं. काम योग्य झालं, पण ते भीतीने करवून घेतलं. हे लिहून ठेवायला हवं, कारण नाहीतर थोड्या वर्षांनी मी हीच हकिगत माणुसकीची म्हणून सांगेन.

बाथरूमची फरशी फोडायचं ठरलं आहे. प्लंबर जाळीपाशी बसून म्हणाला, “साहेब, हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर ग्राउटमध्ये भागलं असतं.” टाइल्स वेगळ्या दिसणार. छत रंगवायचा खर्च मी देणार असं वहिनींना सांगितलं, त्यांनी आधी ‘राहू द्या’ म्हटलं आणि मग हो म्हणाल्या. ते बरं झालं.

तुमचं एखादं घर भाड्याने दिलेलं असेल, तर कृपा करून पुढच्या वेळी दारातूनच परत फिरू नका. आत जा, बाथरूममध्ये डोकवा. गॅस गीझर आत असेल तर त्याच आठवड्यात बाहेर काढा किंवा विजेचा बसवा, झरोक्यावरचा पुठ्ठा हटवा, गॅसच्या नळीवरचं साल वाचा आणि १९०६ हा नंबर ओट्याशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवा. घरात जी बाई पहाटे दिवा लावते, तिला तो वाचून दाखवा.