याप्य व्याधी: कारण, दोष आणि पथ्य

दीर्घकाळ चालणाऱ्या आजारासंबंधी वैद्याला पडणारा आणि धर्मचिंतकाला पडणारा प्रश्न मुळात एकच आहे. फक्त ते दोघे तो वेगवेगळ्या टोकांनी धरतात. जो रोग पुरता जाणार नाही हे आधीच ठाऊक आहे त्यासाठी जन्मभर औषध घेण्यात व पथ्य पाळण्यात कोणता पुरुषार्थ आहे, असे एक विचारतो. आणि हा रोग ज्याच्या वाट्याला आला त्याने तो स्वतःच्या कर्माने ओढवून घेतला असे म्हणावे काय, असे दुसरा विचारतो. ताप किंवा अतिसार यांच्या बाबतीत हे प्रश्न फारसे टोचत नाहीत, कारण तिथे निकाल आठ-पंधरा दिवसांत लागतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात यांचा निकाल लागतच नाही. ‘गोळी चालू आहे’ हे वाक्य मराठी घरांत वर्षानुवर्षे वर्तमानकाळातच राहते, आणि त्या न संपणाऱ्या काळात ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न रोग्याचा पिच्छा सोडत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘महाचतुष्पाद’ नावाच्या दहाव्या अध्यायात यांपैकी पहिला प्रश्न मैत्रेयाच्या तोंडी आला आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद उत्तम जुळून आले असतानाही काही रोगी मरतात, आणि यांतले काहीच जुळलेले नसताना काही बरे होतात; तेव्हा चिकित्सा करणे आणि न करणे सारखेच नव्हे काय, असा त्याचा रोखठोक आक्षेप आहे. संहितेतील गुरू आत्रेय याचे उत्तर असे की, जो उपचाराविना उठला तो उपचार मिळता तर लवकर आणि कमी क्लेशांत उठला असता. आणि जो उपचार मिळूनही गेला त्याच्यामुळे उपचार व्यर्थ ठरत नाही, कारण सगळे रोग मुळात उपायाने साध्य होणारे नसतातच. म्हणूनच वैद्याने आधी साध्यासाध्य ओळखावे, असे सांगून तो रोगांचे चार वर्ग करतो. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य; असाध्य रोगांतही ज्याच्यावर काहीच उपाय चालत नाही तो प्रत्याख्येय, आणि जो जात नाही परंतु पथ्याच्या आधाराने ज्याच्यासह आयुष्य चालते, थोडा आराम पडतो, पण थोडेसे निमित्त मिळताच जो पुन्हा उसळतो, तो याप्य.

या वर्गीकरणातील तात्त्विक धाडस सहसा लक्षात घेतले जात नाही. असाध्य म्हटले की हात टेकायचे, हा सामान्य माणसाचा तर्क इथे मोडला आहे, कारण रोग असाध्य आहे हे मान्य करूनही त्यावर काम करत राहणे हे वैद्याचे आणि रोग्याचे कर्तव्य ठरवले आहे. सुश्रुताने याप्य रोग्यावरील उपचाराला पडू घातलेल्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू घर नवे करत नाही आणि तो काढून घेण्याचा दिवसही ठरलेला नसतो. परंतु त्यामुळे टेकू निरुपयोगी आहे असे कोणी म्हणत नाही. यशाची व्याख्याच इथे बदलते, आणि मैत्रेयाचा आक्षेप जिथे बरे होण्यालाच एकमेव फळ मानून चालला होता तिथे त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

प्रमेहाच्या वर्णनात हे सारे जवळून दिसते. प्रमेह म्हणजे मूत्राचे प्रमाण व स्वरूप बिघडवणाऱ्या वीस विकारांचा गट. आजच्या मधुमेहाशी तो तंतोतंत जुळत नसला तरी मधुमेहाचा बराच भाग त्यात येतो. कफजन्य दहा प्रकार साध्य, पित्तजन्य सहा याप्य आणि वातजन्य चार असाध्य, अशी चरकाची मांडणी आहे. पित्तजन्य प्रकार याप्य का, तर तिथे दोषाला जे औषध मानवते ते मेदाला मानवत नाही. एक आवरावे तर दुसरे वाढते. कारणांच्या यादीत बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ येतात, म्हणजे सगळा रोख रोग्याच्या वागणुकीवर आहे. तरीही त्याच अध्यायात पुढे असे म्हटले आहे की, प्रमेही मातापित्यांपासून जो प्रमेह घेऊनच जन्मला त्याचा रोग बीजदोषामुळे साध्य होत नाही. एकाच ग्रंथाने एकाच रोगासाठी खाणाऱ्या हातालाही आणि न निवडलेल्या जन्मालाही कारण मानले आहे, आणि त्यात विसंगती आहे असे ग्रंथकाराला वाटलेले नाही.

दुसरा प्रश्न, कर्माचा, इथेच उभा राहतो. पूर्वदेहात केलेल्या कर्माला चरक ‘दैव’ म्हणतो आणि या देहातील प्रयत्नाला ‘पुरुषकार’. काही रोग कर्मज असतात, ते उपचारांना दाद देत नाहीत आणि कर्माचा क्षय झाल्यावरच शमतात, असे शारीरस्थानात स्पष्ट आहे. तेव्हा आयुर्वेद हा कर्मविचारातून मुक्त असे निखळ ऐहिक शास्त्र आहे, हा आधुनिक कौतुकाचा सूर खरा नाही. परंतु विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, सर्वांचेच आयुष्य आधीच नेमलेले असते काय असे शिष्य अग्निवेशाने विचारल्यावर आत्रेय ते साफ नाकारतो. सर्वांचे आयुष्य नियत असते तर औषधाची खटपट कोणी केली नसती. दैव दुबळे असेल तर पुरुषकार त्याला मागे सारतो आणि दैव प्रबळ असेल तर ते पुरुषकाराला, असा त्याचा निर्णय आहे. बौद्ध परंपरेने याहून पुढचे पाऊल टाकले. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच, या मताविषयी विचारतो तेव्हा बुद्ध पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतो आणि सगळे एकट्या कर्मावर लादणाऱ्यांना चुकीचे ठरवतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातही प्रत्येक कर्माला अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे म्हटले आहे. हा श्लोक सहसा यशाच्या अहंकाराविरुद्ध वापरला जातो. आजाराच्या अपराधभावनेविरुद्धही तो तितकाच लागू पडतो, याकडे प्रवचनकारांचे लक्ष जात नाही.

आधुनिक वैद्यकाने पूर्वजन्म बाजूला ठेवला, पण कर्मविपाकाची चौकट ठेवून घेतली असे ‘जीवनशैलीचे आजार’ या शब्दप्रयोगावरून वाटते. ‘खाल्ले, बसून राहिले, म्हणून भोगतात’ हे वाक्य आता कीर्तनात नव्हे, दवाखान्यात ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण किती आहे हे मोजता येते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात, ज्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती अशा 531 व्यक्ती होत्या. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी 55 टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार व व्यायाम यांचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्क्यांच्या आसपास राहिले. पुरुषकाराचे माप यापेक्षा स्पष्ट मिळणे अवघड आहे. पण हेच आकडे उलटे वाचले तर मैत्रेय पुन्हा समोर येतो: मार्गदर्शन मिळालेल्या शंभरांतील एकोणचाळिसांना रोग झालाच, आणि न मिळालेल्या शंभरांतील पंचेचाळीस त्यातून सुटले. त्यामुळे समूहाला ‘चाला, जपून खा’ असे सांगणे शास्त्रशुद्ध आहे. परंतु समोर बसलेल्या एका रोग्याला ‘हे तुमच्यामुळेच झाले’ असे सांगायला या आकड्यांत आधार नाही.

बीजदोषाची बाजूही आता अधिक उलगडली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो, मात्र मांस आणि स्नायू यांत जेवढी तूट होती तेवढी चरबीत नव्हती. दिसायला किडकिडीत, पण प्रमाणाने चरबी राखून असलेली ही शरीरयष्टी पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. गरोदरपणात शेतीची जड कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली, आणि दूध, फळे, पालेभाज्या अधिक खाणाऱ्यांची मोठी. म्हणजे चाळिशीत उमटणाऱ्या एखाद्या आजाराचा काही अंश, त्या माणसाने पहिला घास खाण्यापूर्वीच, त्याच्या आईच्या ताटात काय वाढले गेले नाही यावर ठरलेला असतो. याला पूर्वकर्म म्हणावेसे वाटले तरी ते त्याचे स्वतःचे नाही. चरकाने साथींची चर्चा करताना देशाचे व नगराचे प्रमुख अधर्माने वागू लागले की त्याचे परिणाम हवा, पाणी, भूमी व ऋतू यांच्यामार्गे सर्वांना भोगावे लागतात, असे म्हटले आहे. तो विचार दीर्घ आजारांनाही लावायला हवा.

मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले तेव्हा त्यांना मधुमेह होता, आणि इन्सुलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. आहार सांभाळणे एवढाच काय तो उपाय हाती होता. त्या ग्रंथाचे दहावे प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे आहे. ते आजाराविषयी नाही, आणि त्यांचा आजार त्यात शोधणे हा आगाऊपणा होईल. तरी तेथील भेद इथे उपयोगी आहे: ज्या कर्माचे फळ सुरू झाले ते प्रारब्ध भोगूनच संपते, पण त्यामुळे पुढच्या कृतीतील आत्म्याचे स्वातंत्र्य नाहीसे होत नाही. याप्य रोगाच्या भाषेत सांगायचे तर, रोग आला हे प्रारब्ध, आणि आजचे पथ्य हा स्वातंत्र्याचा भाग. पहिल्याचा हिशेब लागल्याशिवाय दुसरे सुरू करता येत नाही असे नाही.

मात्र हे स्वातंत्र्य व्रतासारखे नसते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागते. व्रताला आरंभ असतो, संकल्प असतो, उद्यापन असते. चातुर्मासात सोडलेला पदार्थ कार्तिकी एकादशीनंतर परत येतो. पथ्याला उद्यापन नाही. शिवाय दोन्ही एकमेकांच्या आड येतात: एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर चढते, आणि गोळी घेतली तर उपवास मोडेल म्हणून ती टाळली जाते. वास्तविक व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत त्यांत औषध आहे. उच्च रक्तदाबात तर अडचण अधिक सूक्ष्म असते, कारण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. जे दुखत नाही त्यासाठी रोज मीठ कमी करायचे आणि गोळी आठवणीने घ्यायची. चरकाने ‘प्रज्ञापराध’, म्हणजे बुद्धीकडून घडणारी चूक, ही धी, धृती आणि स्मृती यांच्या बिघाडातून होते असे म्हटले आहे. धी म्हणजे हितकर काय हे कळणे, धृती म्हणजे मनाला आवरणे, स्मृती म्हणजे कळलेले आठवणे. दीर्घ आजारात पहिली सहसा असते. घसरते ती तिसरी, आणि त्याला पाप म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.

चिकित्सेच्या चार पादांपैकी रोग्याचे गुण सांगताना चरकाने स्मरणशक्ती, सांगितलेले करणे, निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था न लपवता सांगणे, हे चार सांगितले आहेत. रोगाविषयी निर्दोष असणे हा त्यांत नाही. दोष देण्याचा सूर या चारांपैकी शेवटच्या दोहोंवर घाव घालतो. ज्याला बोलणी खाण्याची भीती असते तो वैद्यापाशी लग्नातले दोन लाडू सांगत नाही, आणि तपासणीच्या आदले दोन दिवस गोड बंद करून उपाशीपोटीची साखर आटोक्यात दाखवतो. ‘एचबीएवनसी’ या तपासणीपुढे ही युक्ती चालत नाही, कारण तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. परंतु ती सरासरी का वाढली, घरात स्वयंपाक कोणाच्या हाती आहे, रात्रपाळी चालू आहे की कामच सुटले आहे, हे रोग्याने तोंड उघडल्याखेरीज कोणत्याही तपासणीत येत नाही.