ओसाड छत्र आणि मध्यरात्रीची घंटा

कुंभकोणम हे कावेरीकाठचे मोठे तीर्थक्षेत्र. दर बारा वर्षांनी येथे महामहम उत्सव भरतो आणि लाखो यात्रेकरू महामहम तलावात स्नान करतात. याच परिसरात तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांपैकी प्रसिद्ध. आज या जुन्या वास्तूंची बरीच पडझड झाली आहे.

अशा ओसाड वास्तूंमध्ये फिरून छायाचित्रे काढण्याचा छंद अनेक तरुणांना असतो. भिंतीतून उगवलेला पिंपळ, मोडक्या खिडकीतून येणारी तिरपी उन्हे हे सारे चित्रात सुंदर दिसते. पण जेथे कधीकाळी आजारी आणि अनाथ माणसे आसऱ्याला होती, त्या जागेच्या पडझडीत सौंदर्य शोधणे योग्य आहे का? साधकाने अशा ठिकाणी काय पाहावे?

त्यासाठी आधी तेथे काय चालत होते हे जाणून घेतले पाहिजे. १७९९ च्या तहाने सरफोजी राजे (दुसरे) यांच्या हातून राज्याचा कारभार गेला. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून विनंती केली, की छत्रे आमच्याकडेच राहू द्यावीत. त्या पत्रात छत्रांची सारी व्यवस्था सांगितली आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण मिळे. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, आणि तो तेथेच वारला तर त्याचे अंत्यसंस्कारही होत. अनाथ मुलांचा सांभाळ होई, तान्ह्या बाळांना दूध मिळे. छत्रात बाळंत झालेल्या स्त्रीला पुढे तीन महिने राहता येई. या सर्व खर्चासाठी गावांचे उत्पन्न नेमून दिलेले होते.

त्यातली एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. मध्यरात्री छत्रात घंटा वाजे आणि पुकारा होई, की कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे.

मागायला आलेल्याला देणे हे दान आहेच. परंतु लाजेने किंवा थकव्याने जो दारापर्यंत आलाच नाही, त्याची आठवण ठेवून त्याला हाक मारणे ही दानाच्या पुढची पायरी आहे. ‘मी दिले’ या भावनेला तेथे जागा उरत नाही, कारण लक्ष आपल्या देण्यावरून उठून समोरच्याच्या भुकेकडे गेलेले असते.

कोणी म्हणेल, सृष्टीत सर्वच नश्वर आहे. वास्तू पडायचीच, मग खंत कशाला? हे खरे आहे, पण अर्धेच. अनित्यतेचा विचार आपली आसक्ती सोडवण्यासाठी आहे, कर्तव्य सोडवण्यासाठी नाही. दगडविटा कालधर्माने पडतात; वाटसरूची भूक मात्र प्रत्येक पिढीत नव्याने उभी राहते. ओसाड छत्र पाहून ‘हे असेच व्हायचे’ म्हणत पुढे जाणे हे वैराग्य नव्हे, तो आळस आहे.

म्हणून छायाचित्र काढण्यात दोष नाही. जुन्या वास्तूची नोंद राहते आणि जतनासाठी लोक जागे होतात. मात्र काही मर्यादा पाळाव्यात. परवानगीशिवाय आत जाऊ नये. अलीकडे बंद पडलेला वृद्धाश्रम किंवा अनाथाश्रम असेल, तर मागे राहिलेले कपडे, नावांची कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या यांची चित्रे काढून पसरवू नयेत. ती माणसे कोठेतरी असतील, किंवा त्यांची मुले असतील. आणि चित्र पाहणाऱ्याला एवढे तरी सांगावे, की येथे कोणाची सेवा होत होती, आणि ती आता कोण करते आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तेथूनच आपले काम सुरू होते.

पुढचा महामहम २०२८ मध्ये आहे. तेथे अन्नदान करण्याचे भाग्य आपल्यापैकी कोणाला लाभेल, कोणाला नाही. पण महाप्रसाद तर आपल्या प्रत्येक केंद्रात होतो. भांडी आवरण्यापूर्वी एका सेवेकऱ्याने मांडवाबाहेर, रस्त्यापर्यंत जाऊन यावे आणि विचारावे, “कोणी जेवायचे राहिले आहे का?” मध्यरात्रीची ती घंटा एवढ्यानेही पुन्हा वाजू लागेल.