तळीचा ठराव

मुळगावच्या एका म्हाताऱ्या गावकाराला पणजीत लेकीकडे राहायचा योग आला. 2024 चा उन्हाळा. स्मार्ट सिटीसाठी रस्ते उकरलेले, दारंखिडक्या धुळीने माखलेल्या. खाणीच्या गावात जन्म गेलेल्या माणसाला धुळीचं काय नवल! नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कुरकुर सगळेच करत होते, पण आपापल्या घरात बसून.

"तुमची ग्रामसभा कधी असते?" त्यांनी जावयाला विचारलं.

जावई हसला. शहराला ग्रामसभा नसते. प्रभाग समित्यांची सक्तीही 3 लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांनाच. 2011 च्या जनगणनेत पणजी भरली जेमतेम 40 हजार.

मग आजोबा नगरसेवकाकडे गेले. माणूस भला होता. "आजोबा, मला विचारून कोण खणतंय?" तो म्हणाला. काम कंपनीचं. केंद्राने 2015 मध्ये योजना आणली तीच या अटीवर, की प्रत्येक शहराने वेगळी कंपनी काढावी, भाग राज्य सरकारचे आणि पालिकेचे निम्मे-निम्मे. कागदावर पालिका अर्धी मालकीण. कारभार मात्र संचालक मंडळाचा आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा. नगरसेवकाला लोक पाच वर्षांनी पाडू शकतात, या अधिकाऱ्याला कोण पाडणार? नवी मुंबईच्या महासभेने अशी कंपनी तेव्हाच नाकारली होती. पणजीच्या धुळीची तक्रार शेवटी उच्च न्यायालयात गेली आणि न्यायमूर्ती स्वतः रस्ते पाहायला उतरले. उतरले ते बरंच झालं. पण खड्ड्यासाठी न्यायमूर्ती लागत असतील, तर मतं द्यायची कशाला, असं आजोबांनी विचारलं. जावयाने पंखा वाढवला.

पावसाआधी आजोबा गावी परतले. पुढच्या ग्रामसभेत एक गृहस्थ तळीच्या सुशोभीकरणाचा आराखडा घेऊन आले. दगडी पायऱ्या, दिवे, बाकडी, सगळं रंगीत. खर्च बाहेरून होणार. पंचायतीला त्रास नको म्हणून देखरेखीला वेगळी समिती. टाळ्या पडल्या.

आजोबा उठले. "चित्र झकास आहे. तळीतून वायंगणाच्या भातशेतीला पाणी सोडायचं कोण ठरवणार?"

"समिती."

"आणि समिती चुकली तर तिला काढणार कोण?"

गृहस्थांनी कागद उलटसुलट करून पाहिले. त्यात ते नव्हतं.

ठराव मंजूर झाला, पण एक ओळ जोडून: समिती ग्रामसभेने नेमायची, ग्रामसभेनेच काढायची, आणि दर सभेत हिशेब वाचायचा. "वर विचारून सांगतो," म्हणून गृहस्थ गेले. ते अजून विचारतच आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात गावाने वर्गणी काढून गाळ उपसला. पायऱ्या झाल्या नाहीत, दिवेही लागले नाहीत. वर्गणीच्या हिशेबावरून मात्र ग्रामसभा दुपारी तीनपर्यंत भांडली. आजोबांनाही चार शब्द ऐकावे लागले. शेवटी खजिनदार बदलला.